वाळीतल्या घरचा गोवर

आमच्या गावाला एकच विद्या येत होती, माणसाला वाळीत टाकायची. रस्ता करायचा म्हटला की गावाला सरकार आठवे. शाळेचं छप्पर गळायला लागलं की मुंबईचे चाकरमानी आठवत. पण कुणाला लग्नाला बोलवायचं नाही, कुणाच्या पोरांशी खेळायचं नाही, हे ठरवायला मात्र देवळापुढे एका हाकेत सगळे जमत. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते हेच असावं.

आम्हाला वाळीत टाकलं ते आईच्या तोंडामुळे. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर नाचवतात. त्या वर्षी पुढच्या दांड्याखाली गावचा मोठा मानकरी होता, आणि तो इतका प्यालेला होता की पालखी आमच्या दारापुढच्या खळ्यात पडता पडता वाचली. पाहिलं सगळ्यांनी, बोलली फक्त आई. तिने देवीपुढे नाक घासावं, असं गावकीने ठरवलं. आई चिपळूणच्या बाजारपेठेत वाढलेली. प्यायला तो आणि नाक मी का घासू, असं तिने भर सभेत विचारलं. झालं. त्या दिवसापासून आमच्या खळ्यात कुणी पाऊल टाकेना. विहिरीवर आम्ही गेलो की बायका कळशा उचलून बाजूला होत.

बाबा ह्याने खचले. संपात गिरणी बंद पडली म्हणून ते मुंबईहून परत आले होते. तिथली पत गेलेली, आणि इथली आईने घालवली असं त्यांना वाटे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. "उद्या घरात कोण मेला तर खांदा कोण देनार?" हे ते जेवता जेवता म्हणत. घरात माणसं किती, तर ते, आई, मी आणि पाळण्यातली माझी बहीण. मरायला टेकलेलं त्यात कुणी नव्हतं.

पुढच्या शिमग्याला पालखी आमचं घर टाळून गेली. मानकऱ्याचा मुंबईचा नातू तेव्हा ताप घेऊनच आला होता. डोळे लाल, नाक वाहतंय. अशा पोराला कुणीही घरात निजवलं असतं. पण मानकऱ्याचा नातू तो, आजोबांच्या कडेवर बसून पालखीबरोबर घरोघर मिरवला. प्रत्येक घरी त्याला जवळ घेतलं, त्याच्या तोंडात खोबरं भरलं, त्याने उष्टं टाकलेलं आपल्या पोरांना दिलं. पंधरवड्याने गावभर गोवर निघाला.

मग सुरू झाले समाचार. आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर रीत मोडते, म्हणून बायका आपापली तान्ही काखेला मारून गोवराच्या घरी जाऊन बसत. पुढे त्यांच्याच घरी गोवर निघाला की त्यांच्या समाचाराला बाकीच्या येत, पुन्हा तान्ह्यांसकट. रोग आता कुठे जाणार हे सांगायला पंचांग नको होतं. ज्याच्याकडे ये-जा जास्त, त्याची पोरं आधी आडवी झाली. टेपावरच्या, उंचावर सुट्या पडलेल्या दोन घरांत तो उशिरा पोचला, कारण त्यांना विचारतंय कोण. आमच्याकडे कुणीच येत नव्हतं, म्हणून तोही आला नाही. ओसरीवर बसून मला हे दिसत होतं. गावकीच्या शहाण्यांना दिसलं नाही.

त्यांनी आधी हर्ण्याहून मासे घेऊन येणाऱ्या बाईवर आळ घेतला आणि तिला वेशीवर अडवलं. तिला कुठल्याही घराच्या उंबऱ्याआत कधी घेत नसत, हे कुणाला आठवलं नाही. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की वाळीतल्या घरात गोवर नाही. आधी करणीची कुजबुज झाली. शेवटी गुरवाने देवीला कौल लावला आणि देवीचं म्हणणं निघालं की एक घर पालखीविना राहिलं म्हणून तिचा कोप झाला आहे. देवी ह्या लोकांना हवं तेच बोलायची. आम्हाला गावात घ्यायचं आणि पालखी आमच्या दारी न्यायची, असं ठरलं. माफीचा विषय कुणी काढला नाही, कारण आता गरज त्यांना होती.

मानकरी स्वतः सांगायला आला तेव्हा बाबांनी खांद्यावरच्या पंचाने ओसरी झाडून त्याला बसायला जागा केली. आई दारात उभी होती, बहीण तिच्या कडेवर.

"पोरां बरी व्हऊ देत," ती म्हणाली. "मग आना पालखी. देव काय पळून जात नाय."

"देव दारात येतोय नि तू कवाड लावतेस?" बाबा म्हणाले. मानकऱ्यासमोर म्हणाले, म्हणजे ते शेवटचंच.

पालखी आली. देवीने दुखणं उतरवावं म्हणून गावातली अंगभर पुरळ उठलेली पोरंही आमच्या खळ्यात आणली होती, आणि एकेकाला पालखीखालून काढत होते. खोकत होती, रडत होती. बाबांनी बहिणीला आईच्या कडेवरून ओढून घेतली आणि त्याच रांगेत उभे राहिले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. लोक म्हणतात बापाची कीव करावी. मला अजून किळसच येते.

बहिणीला गोवर निघाला, पुरळ मावळली, पण छाती भरली. दापोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचा श्वास घरघरत होता. तिथेच ती गेली.

तिच्या मातीला गावातलं एकही घर मागे राहिलं नाही. मानकरी सगळ्यांत पुढे, नीट शुद्धीवर. आई घरातून बाहेर आली नाही. बाबा मात्र डोळे पुसत पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होते, किती माणसं आली ते.

तान्ह्या पोराला खांदा लागत नाही. बाबांनी तिला स्वतःच्या हातांवरच नेली, आणि अख्खा गाव हात हलवत मागून चालत गेला.