वसुधाताईंची तीस चित्रे

वसुधाताई प्रोग्रॅम एका संगणकावर लिहीत आणि चालवीत दुसऱ्यावर. लिहायचा लॅपटॉपवर, चालवायचा टीव्हीला जोडलेल्या, जवळजवळ चाळीस वर्षे जुन्या घरगुती संगणकावर. पूर्वी असे प्रोग्रॅम कॅसेटवरून आवाजाच्या रूपाने आत जात. त्या कॅसेटऐवजी लॅपटॉपची वायर लावत. चार-पाच मिनिटे टीव्हीवर रंगीत पट्टे नाचत आणि त्यांचा धाकटा भाऊ बंडू टाळ्या वाजवी.

बंडू छप्पन्न वर्षांचा. त्याला बोलता येत नाही. त्या संगणकाच्या कळा मात्र त्याला तरुणपणापासून पाठ. एक दाबली की पडद्यावर पाण्याचा तांब्या, दुसरीला भात, तिसरीला संडास. नवा टॅब आणून पाहिला, पण त्या गुळगुळीत काचेला तो हात लावीना. त्याचे सगळे बोलणे त्या जुन्या खोक्यात होते.

विश्रांतवाडीत ही दोघे आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी बँकेत नोकरीला. एकदा त्यांनी लॅपटॉपवर नवा प्रोग्रॅम चालवून दाखवला. मी म्हणालो, "चाललं की!"

"अहो साने, ही तालीम. प्रयोग अजून व्हायचाय."

वायर लावली, पट्टे संपले. बंडूने तळहाताने चार कळा एकदम दाबल्या आणि संगणक गोठला. वसुधाताई शांतपणे पुन्हा लिहायला बसल्या. "चूक त्याची नाही. तो असाच दाबणार, हे मला ठाऊक हवं होतं."

एका पावसाळ्यात बंडू दोन दिवस नुसता कण्हत होता. दुखतेय कुठे, हे सांगायला त्याच्याकडे चित्र नव्हते. अपेंडिक्स फुटता फुटता वाचला. तो घरी आल्यावर वसुधाताईंनी मला बोलावले. "तुमचा हिशेब चांगला. दुखण्याच्या चित्राला जागा शोधून द्या."

त्या संगणकाची मेमरी एकूण ४९,१५२ बाइट. पडद्याला ६,९१२. एका चित्राला १,१५२, म्हणजे तीस चित्रांना ३४,५६०. उरलेल्या ७,६८०मध्ये प्रोग्रॅम. एकतिसावे चित्र बसत नव्हते. मी खिशाचे पेन काढून यादीवरून फिरवले आणि म्हणालो, "आईचं वगळा. त्या जाऊन अकरा वर्षं झाली."

"हिशेब बरोबर आहे तुमचा. पण आई येत नाही हे त्याला कळतं. म्हणून मागूही नये का त्याने?" मग त्यांनी यादीवर बोट ठेवले. "कात्रजच्या सर्पोद्यानाचा साप वगळते. माझे गुडघे काही आता कात्रजला येत नाहीत."

सापाच्या जागी पोट धरलेला माणूस आला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वसुधाताई हृदयविकाराने गेल्या. दहाव्या दिवशी बंडूला सांभाळणाऱ्या बाईंनी मला वर बोलावले. "दादा, सकाळपासून हा एकच कळ दाबतोय. बघा ना."

ती कळ वसुधाताईंची होती. तिच्यावर त्यांचा अंबाडा येई. आता या माणसाला काय सांगायचे, असा विचार करत मी टीव्हीकडे पाहिले.

अंबाडा नव्हता. टक्कल होते, जाड चष्मा होता, खिशाला पेन होते.

हा बदल त्यांनी जाण्याच्या दोन महिने आधी केल्याचे लॅपटॉपवर दिसले. त्या दोन महिन्यांत त्या मला रोज वर बोलावत. काय काम, विचारले तर म्हणत, "काही नाही. बंडूजवळ बसा जरा." मी घड्याळ बघत बसे.

बंडूने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि माझी बाही घट्ट धरली. मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.