नळदुर्गजवळची एक विहीर, तिचं पाणी आणि माझा एक जादा मुक्काम

नळदुर्गला लोक किल्ला पाहायला जातात. मी मात्र बर्फाची पेटी आणि रिकाम्या बाटल्या घेऊन निघालो. खाणींच्या आसपासच्या विहिरी, बोअर आणि ओढे यांचं पाणी भरून सोलापूरच्या लॅबला पोचवायचं, हे माझं काम. अकरावीत शाळा सुटली. मग वणीकडच्या कोळसा खाणींभोवती दोन वर्षं हेच शिकलो. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कोळसा नाही, दगड आहे. पण खाणीशेजारी राहणारा माणूस दोन्हीकडं एकच गोष्ट विचारतो: हे पाणी प्यावं का?

या वेळी ते नळदुर्गजवळच्या एका वस्तीवरच्या नागनाथमामांनी लॅबकडं अर्ज करून विचारलं होतं. त्यांच्या वस्तीपासून खडीची खाण हाकेच्या अंतरावर आहे. सुरुंगाच्या दारूतलं नायट्रेट झिरपत पाण्यात उतरू शकतं आणि तान्ह्या बाळांना ते फार बाधतं. मामांची दोन महिन्यांची नात वरच्या दुधावर होती. दुधाची पावडर वस्तीवरच्या विहिरीच्या पाण्यात कालवली जायची.

येडशीहून सकाळच्या एसटीनं धाराशिव, पुढं तुळजापूर, मग नळदुर्ग. कंडक्टरनं पेटीला पाय लावून विचारलं, "मासे हायत का?"

"नाही, बाटल्या आहेत. रिकाम्या."

"सकाळी सकाळीच रिकाम्या केल्या व्हय?"

मागची दोन-तीन बाकं हसली. मी लॅबचं पत्र काढून दाखवलं, तर तो म्हणाला, "र्‍हाऊ द्या, चेष्टा केली," आणि पेटी स्वतःच्या सीटखाली सरकवून घेतली. सामान घेऊन जाणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा, दोनदा गाडी बदलावी लागली तरी. बर्फ ढाब्यावर मागू नका. ज्यूसवाल्याला चाळीस रुपये दिले की तो लादी फोडून पेटी भरून देतो.

वस्तीवर मी आधी खाणीच्या वरच्या बाजूचा ओढा घेतला, मग खालचा, मग बोअर, शेवटी विहीर. प्रत्येक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, भरायची, लेबल लिहायचं. लेबल मी दोनदा वाचतो. क्रशरच्या धुळीनं नाक बंद झालं होतं, त्यामुळं पाण्याला कसला वास आहे का, ते मला कळलं नाही.

दुपारी मामींनी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी वाढली. मामा जेवत नव्हते, नुसती भाकरी कुस्करत होते.

"सांगा की आता," मामी म्हणाल्या.

"काय सांगू?"

"काल इहिरीत टीसीएल वतली ते."

माझा घास हातातच राहिला. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर.

"तुमी तपासाय येणार," मामा ताटाकडं बघत बोलले. "पावण्याला घाण पाणी कसं दावायचं? वस्तीची लाज जाती. म्हणून जरा जास्तच वतली."

ज्यांनी पाण्याची तक्रार केली, त्यांनीच ते आमच्यासाठी धुऊन ठेवलं होतं. मी समजावलं की पावडरीनं जंतू मरतात, क्षारांचे आकडेही हलतात. असं पाणी नेलं तर तो अहवाल तुमच्या विहिरीचा राहत नाही. पुढची फेरी पावसाळ्यानंतर होती.

"तसंच लिवा की. कुणाला कळतंय?"

"तुमच्या नातीला कळंल," मामी म्हणाल्या.

त्यानंतर मामा उठलेच, "काय करायचं ते सांगा," म्हणाले. मी लॅबच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, विहीर उपसून नव्यानं भरू दे, पण उद्या दुपारच्या आत नमुने इथं पाहिजेत. उन्हाळ्यामुळं विहिरीत पाणी थोडंच होतं. अडचण एकच होती, विहीर सामाईक आणि मोटारीची आजची पाळी शेजारच्या बसप्पांची होती. ते बांधावरूनच म्हणाले, "माझ्या कांद्याला पाणी, तुमच्या नातीला रिपोर्ट. चालू करा, मामा, चारला लाईट जाती." बायकांनी आधी घागरी भरून घेतल्या, मग मोटार सुरू झाली. चारपर्यंत तळ दिसला.

मी मुक्काम केला. जेवणाचे पैसे कुणी घेतले नाहीत आणि अंथरूण मामींच्या ठेवणीतलं होतं. सकाळपर्यंत झऱ्यांनी विहीर कंबरभर भरली होती. ग्रामपंचायतीकडून क्लोरीन तपासायचं ओटीचं औषध आणलं. कालच्या घागरीतलं पाणी त्या थेंबांनी पिवळंजर्द झालं. विहिरीचं नितळच राहिलं. मी बाटल्या भरल्या आणि निघताना सांगितलं, "नायट्रेट उकळून जात नाही. अहवाल येईपर्यंत बाळाला गावातल्या टाकीचं पाणी द्या." बसप्पांनी पेटीसकट मोटारसायकलवरून स्टँडला सोडलं. सोलापूरला अकराला पोचलो.

किल्ला राहिला, त्याच्या बंधाऱ्यातला पाणीमहालही राहिला. घरी आल्यावर त्याची हळहळ वाटली नाही. मामींनी तोंड उघडलं नसतं, तर चुकीचं पाणी मी अगदी सुवाच्य लेबल लावून पोचतं केलं असतं. माझ्या कामाची खरी काळजी त्या दिवशी त्या घरानं घेतली, हे मी विसरणार नाही.

काही आठवड्यांनी मामांचा फोन आला. अहवाल ग्रामपंचायतीत आला होता. त्यांनी एकेक ओळ अडखळत वाचली, मी अर्थ सांगत गेलो. नायट्रेटपाशी ते थांबले.

"हे जास्त हाय का?"

"हो मामा. मर्यादेच्या वर आहे."

मागून मामींचा आवाज आला, "बाळीच्या दुधाची येळ झाली. टाकीवरनं घागर आणा आधी, मग बोला."

"आलो," म्हणत मामांनी फोन ठेवला.