बुलबुलाचा फोटो

आमच्या शेजाऱ्यांचं लांज्यात चष्म्याचं दुकान आहे. बोलताना ते मान तिरकी करून समोरच्याला न्याहाळतात आणि वाक्यामागे ‘कसं?’ जोडतात.

गेल्या उन्हाळ्यात पाखरांचे फोटो काढायला ते मला हेदवीला घेऊन गेले. सड्यावर, तिथल्या उघड्या कातळमाळावर, करवंदीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं दिसेनात म्हणून त्यांनी पुढच्या डहाळ्या कात्रीने छाटल्या. “आता उजेड पडला, कसं?” म्हणाले. फोटो सुरेख आला. आम्ही सावलीत डबा खाऊन परतलो, तर घरटं रिकामं होतं आणि शेजारच्या झाडावर कावळा फांदीला चोच पुसत होता.

त्यांच्या मुलीने कौतुकाने तो फोटो गावातल्या प्रदर्शनात दिला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. सत्काराची शाल पुढे आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतले.

“ह्यांचा आडोसा मीच कापला,” फोटोतल्या पिल्लांकडे बोट करून ते माइकवर म्हणाले. “मग कावळ्यान पिल्लं नेली.”

“जाऊ दे वो, पाखरांच ती!” मागून कोणीतरी हसलं.

ते मान खाली घालून शालीशिवायच उतरले. पहिल्या रांगेत मी टाळीसाठी उचललेले हात हळूच मांडीवर ठेवले.