हितं आणि तिकडं

भाजीवालीनं पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकल्या, की मी घरी येऊन तिची वांगी उलटीपालटी करून बघतो. एखादं तरी किडकं निघतंच, आणि मग मला बरं वाटतं. हा स्वभाव वडलांकडून आलेला नाही. ते फौजेत वीस वर्षं काढून आले तरी दाराला कडी न लावता झोपायचे. माझ्यात तो कुठून आला ते सांगता येणार नाही, पण आमच्या विहिरीनं त्याला चांगलं खतपाणी घातलं एवढं खरं.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. वडील गेल्यावर थोरल्या भावानं आणि मी जमीन वाटून घेतली, घर मधोमध भिंत घालून वाटून घेतलं, पण विहीर काही वाटता येत नाही. म्हणून पाण्याची पाळी ठरली. चार दिवस त्याच्या उसाला, चार दिवस माझ्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरलं, आणि कुणाच्या पाळीत वीज किती तास होती यावरून सुरू झालेलं भांडण एकमेकांच्या दारात उभं राहून नको ते बोलण्यापर्यंत गेलं. त्यानंतर अबोला. माझी बायको आणि वहिनी यांचाही अबोला, कारण नवरे बोलत नसताना जावांनी बोलायचं म्हणजे फितुरी. भावाच्या घराला आमच्याकडं सगळे 'तिकडं' म्हणायला लागले. तिकडं पाहुणे आलेत. तिकडं मटण शिजतंय. भिंतीपलीकडून आम्हीही बहुधा 'तिकडं'च असणार.

मोटर आमच्याकडं मोबाईलवर चालू होते. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड असतं. त्या नंबरावर फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद. मात्र पेटी नोंदवलेल्या फोनचंच ऐकते. थोरल्याचा फोन नोंदवला असता तर मी जेवलो नसतो, माझा नोंदवला असता तर तो. शेवटी आईचा नोंदवला. ती राहायला माझ्याकडं, पण तिच्यावर दोघांचाही भरवसा. ज्याची पाळी असेल त्यानं आईला सांगायचं आणि आईनं फोन लावायचा. भाऊ त्यासाठी मागच्या दाराशी यायचा, आईशी दोन शब्द बोलायचा, आणि मी समोर असलो तर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा.

मी कोरेगावच्या एका हायस्कूलात शिकवतो. मार्चपासून शाळा सकाळची झाली आणि मी दुपारी एकला घरी यायला लागलो. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आई दुपारची झोपत नाही. मागच्या दाराच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून ती बसलेली असायची, मांडीवर फोन. माझी चाहूल लागली की फोन उपडा.

"कुणाचा फोन हुता?" मी विचारलं.

"कुणाचा न्हाई."

"मग हातात कशाला धरलायस?"

"हात मोकळं हुतं म्हणून," असं म्हणून ती लसूण सोलायला उठली.

माझी आई जतकडची. तिकडच्या बायका पाण्याबद्दल आणि स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. एरवी मी हे उत्तर सोडून दिलं असतं. पण पाळी माझी चालू होती, आणि फोन तिच्या हातात होता.

आठ दिवसांनी गॅसच्या टाकीची तारीख बघायला मी भिंतीवरची दिनदर्शिका उचलली, तर मागच्या कोऱ्या बाजूला आईच्या अक्षरात दोन रकाने. डाव्या बाजूला 'हितं', उजव्या बाजूला 'तिकडं'. खाली नुसत्या वेळा. एक वीस, दोन दहा, तीन पंचेचाळीस. काहींवर बरोबरच्या खुणा. तिकडच्या रकान्यात खुणा जास्त होत्या. आमच्यासारख्या घरात असा कागद दिसल्यावर शेंबड्या पोरालाही दुसरं काही सुचणार नाही. आई माझ्या पाळीतलं पाणी थोरल्याला देत होती, आणि वर नोंद ठेवत होती. मी कागदाचा फोटो काढला आणि दिनदर्शिका होती तशी टांगली.

आता मी पुरावा शोधायला लागलो. माझ्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी भर उन्हात मोटारसायकल काढून रानात गेलो आणि भावाच्या उसात शिरून सरीतली माती मुठीत घेतली. ओली. दाट उसात सरी आठ-आठ दिवस ओल धरते हे मी स्वतः पोरांना फळ्यावर शिकवलेलं आहे. तरी त्या दिवशी ती माती नाकाशी धरून मी 'ताजी आहे' असं ठरवून टाकलं. घरी आल्यावर आई आंघोळीला गेलेली बघून तिचा फोन उचलला. कुणाला कधी फोन लावला ती यादी उघडली. माझ्या पाळीच्या दिवसांत माझ्याच सांगण्यावरून पेटीला लावलेले तेवढे फोन होते, दुसरं काही नाही. कुणालाही वाटलं असतं की चला, मन साफ झालं. मला वाटलं, म्हातारी फोन लावून पुसून टाकते, शिकवलेलं दिसतंय कुणीतरी. फोनवर खेळांची दोन-चार रंगीत चित्रं होती. ती आजकाल प्रत्येकाच्या फोनवर असतात, मी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

बायकोला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आवं, आत्या कशाला असं करतील? त्यास्नी काय मिळणार हाय?"

"थोरला ल्योक हाय त्यो."

"तुमी धाकटं हाय की. तुमाला तर त्यांनी जास्त लाडावलंय, म्हणून तर ही दशा."

मी तिचंही बोलणं संशयाच्या खात्यात टाकलं.

खरी खात्री पटली ती गच्चीवर. एका दुपारी वाळवणाला काठी टेकवायच्या निमित्तानं मी वर गेलो आणि खाली परड्यात बघितलं. मधल्या भिंतीच्या अलीकडं आई भिंतीला पाठ लावून बसलेली. पलीकडं, त्याच भिंतीला पाठ लावून, वहिनी. दोघींच्या हातात फोन. दोघींत वीतभर वीट आणि सिमेंट. कुणी तोंड उघडत नव्हतं. वहिनी फोनकडं बघून हसली, आणि दहा मोजेपर्यंत इकडं आई हसली. कुठं पाणी मुरतंय ते आता डोळ्यांनी दिसलं होतं. नुसती आई नाही, दोन्ही बायका मिळून मला बनवत होत्या.

मी जतला मामाला फोन केला. आईचा हा भाऊ आमच्याकडच्या भांडणात पंच म्हणून बोलावण्यासारखा एकच माणूस उरला होता. तो रविवारी सांगलीला एसटी बदलत आला आणि चहा पिऊन झाल्यावर सगळ्यांना सोप्यात बोलावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा थोरला आणि वहिनी आमच्या उंबऱ्याच्या आत आले. मी उभा राहून सगळं मांडलं. दिनदर्शिका, ओली सरी, पुसलेली यादी, भिंतीच्या दोन बाजू. शिकवायची सवय असल्यानं मुद्देसूद मांडलं. शेवटी फोटो मामाच्या हातात दिला.

भाऊ लाल झाला. "मी चोरून पाणी घेतो व्हय रं? आईच्या गळ्याची शपथ घेऊ का?"

"मग ह्या वेळा कशाच्या हायत?"

मामा आईकडं वळला. "आक्का, काय हाय हे? बोल की."

आईनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग कनवटीचा फोन काढून उघडला आणि मामाच्या पुढं धरला. आम्ही सगळे वाकलो. हिरवंगार शेत होतं. चौकोनी वाफे, पिवळा गहू, चार मेंढ्या, एक तांबडं कौलारू घर. आईनं बोट फिरवलं तसा गहू कापला गेला आणि पोत्यात जाऊन बसला. कुठंतरी कोंबडं आरवलं.

"खेळ हाय," आई म्हणाली. "अबोला पडायच्या आधी थोरलीनं शिकीवला. हितं म्हंजे हे माझं रान, तिकडं म्हंजे तिचं. पीक कवा तयार हुतंय त्या वेळा हायत त्या. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत म्हणून लिवल्या."

"आणि खुणा?" मी विचारलं. माझा आवाज अजून फिर्यादीचाच होता.

"झाड वाळलं तर ज्याचं त्याला जगवता येत न्हाई त्यात. शेजाऱ्यानंच येऊन पाणी घालाय लागतं. तिचं मी जगवती, माझं ती. घातलं की खूण करती."

मामा हसायला लागला, पण आमची तोंडं बघून थांबला. आई माझ्याकडं बघत नव्हती. फोनकडं बघत बोलत होती. "दिसभर ह्या घरात कान दिऊन बसायचं. कुणाचं दार आपटलं, कोण कुणाला काय बोललं, मोटर कवा चालू केली, कवा बंद केली. डोकं नुसतं भणभणतं. दुपारचं घटकाभर तितं गेलं की निवतं. तितं कुणी भांडत न्हाई रं."

भावानं वहिनीला विचारलं, "म्हंजे माझ्या माघारी तू रोज हिच्याशी बोलत हुतीस?"

"बोलत कुठं हुते?" वहिनी म्हणाली. "नुसतं पाणी घालत हुते."

या ठिकाणी मी आईच्या पाया पडलो असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. लाज नंतर आली, आधी राग आला. मी बायकोला दोन वर्षं वहिनीच्या सावलीला उभं राहू दिलं नव्हतं, आणि माझी आई रोज दुपारी तिच्या रानात जाऊन येत होती. भावालाही तोच राग आला. दोन वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं ते या गोष्टीवर. तो वहिनीला म्हणाला, "काढून टाक ते." मी आईला तोंडानं काही बोललो नाही, पण नाक मुरडलं, आणि ते तिनं बघितलं.

आई उठली. "माझा नंबर काढा त्या पेटीतनं," ती म्हणाली. "पाणी तुमचं, पाळी तुमची, माझ्या हातनं आता हुणार न्हाई."

तेव्हापासून आमची मोटर मामा चालू करतो. ज्याच्या स्वतःच्या विहिरीला शिमग्यालाच तळ दिसतो, तो जतला बसून फोन लावतो आणि शंभरावर किलोमीटर इकडं आमच्या उसाला पाणी सुटतं. पाळी चोख चालते. कुणाची तक्रार नाही.

आई दुपारची आता आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडते. झोपत नाही, हे मला माहीत आहे, कारण मी दारातून बघतो. मी चहा केला तरी ती "नगं" म्हणते. बायकोनं विचारलं, "आत्या, त्यो खेळ खेळत न्हाई का आता?" तर म्हणाली, "ध्यान लागत न्हाई." डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली. वहिनी तिच्या परड्यात धुणं वाळत घालते आणि आत जाते. मला काय वाटत होतं ते सांगायला मास्तरकीचे शब्द उपयोगाचे नाहीत. मला माझ्या आईची भीती वाटायला लागली होती, आपण बोललो तर ती काय उत्तर देईल याची.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका मधल्या सुट्टीत मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला. पहिल्या दिवशी गहू पेरला, कापला, पुन्हा पेरला. निकालपत्रकांवरून हेडमास्तर बोलले होते, ते मी पाऊण तास विसरून गेलो. आई कशासाठी जात होती ते मला बोटाला कळलं. मग मी तिचं शेत शोधून काढलं. वाफे मोकळे पडले होते आणि चार झाडं होती ती वाळून तपकिरी झाली होती. शेजारी करून घ्यावं म्हणून मी तिला विनंती पाठवली. तिनं होकार दिल्याशिवाय मला त्या झाडांना पाणी घालता येत नव्हतं.

चार दिवस वाट बघून मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो. "आई, मीबी घेतलाय त्यो खेळ. मला शेजारी घे की. तुझी झाडं वाळल्यात, मी पाणी घालतो."

तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. रागावलेली नव्हती. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवताना बघतात तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"नगं रं," ती म्हणाली. "तू तितंबी पाळ्या मोजशील."

मी नाही म्हणणार होतो. पण खेळात प्रत्येक झाडाखाली, त्याला शेवटचं पाणी कुणी आणि कधी घातलं ते लिहिलेलं असतं, आणि तिच्या शेतात शिरल्या शिरल्या मी सगळ्यात आधी तेच वाचलं होतं.