पंचगंगेवर थांबलेलं विमान

अंबादास सरनोबतांनी आयुष्यात एकदाच विमानप्रवास केला, तिरुपतीला, आणि त्यातही खिडकी मिळाली नाही. खिडकीशी बसलेले गृहस्थ इतके ऐसपैस होते की त्यांच्या खांद्यापलीकडं आभाळाचा तुकडाही दिसेना. ज्या कोल्हापुरात जन्म काढला, ते वरून कसं दिसतं हे न बघताच अंबादासराव बालाजीच्या पायाशी पोचले. तिथं त्यांनी काय मागितलं कुणास ठाऊक, पण परत आल्यावर त्यांनी संगणक घेतला.

उभी नोकरी त्यांनी दूध संघात काढली होती. कुठल्या गावाला कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं न्यायची, हे त्यांचं काम. शिरोळकडं पूर आला की टँकर कुठनं वळवायचा ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, वळवायची सवय तेवढी राहिली. घरबसल्या विमान उडवायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, त्यांना सगळं आभाळच मिळालं. फुलेवाडीतल्या घराची पुढची खोली कॉकपिट झाली. टेबलावर दांडा, टेबलाखाली पेडल.

"दळण आणायला सांगितलं की गुडघे धरतात," त्यांच्या पत्नी नंदिनीताई म्हणाल्या, "आणि ही पेडलं मारायला बरे चालतात पाय."

पण खरी पंचाईत पहिल्याच दिवशी झाली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशी मंडळींनी कोल्हापूर आपल्या अंदाजानं उभं केलं होतं. रंकाळ्याच्या काठी त्यांनी लाल उतरत्या छपरांची, धुराडी असलेली घरं मांडली होती, आणि अंबाबाईच्या देवळाच्या जागी काचेची पाचमजली कचेरी होती. अंबादासरावांना हा सरळ अपमान वाटला. त्यांनी बायकोचा डोळा चुकवत इमारतींची त्रिमितीय मॉडेलं करायला शिकून घेतलं आणि पावसाळाभर खपून देऊळ उभं केलं. मग रंकाळ्याचा काठ, मग फुलेवाडीचा रस्ता.

इथवर सगळं खासगी होतं. ते सार्वजनिक झालं पिराजीमुळं. पिराजी समोरचा गिरणीवाला. विजेचं बिल चुकून इकडं आलं म्हणून द्यायला आला आणि पडद्यावर आपली गल्ली बघून उभाच राहिला.

"अण्णा, ह्यात आमची गिरणी कुठं हाय?"

"अजून केली नाही."

"शेजारच्या सलूनचा बोर्ड दिसतोय की! त्यानं काय सोनं लावलंय व्हय?"

गिरणी झाली. ती झाली म्हणून शालूबाईंची खानावळ झाली. शालूबाईंची अट एवढीच होती की पाटीवरचं ताट वरून ओळखू आलं पाहिजे आणि रस्सा तांबडा दिसला पाहिजे. मग तालीम मंडळ. मग तालमीच्या अध्यक्षांचं घर. मग ज्यांची घरं झाली नव्हती ते रस्त्यात भेटले की अंबादासरावांशी बोलेनासे झाले, म्हणून त्यांचीही घरं झाली. कुणाला पत्र्याच्या जागी स्लॅब हवा होता, कुणाला भावकीच्या वादातली भिंत आपल्या बाजूला सरकवून हवी होती. अंबादासरावांनी स्लॅब टाकून दिला, भिंतीला मात्र हात लावला नाही. न्यायालयात चाललेल्या गोष्टीत आपण पडू नये, एवढं भान त्यांना होतं.

सगळ्यात शेवटी आले विजयसिंह. माजी नगरसेवक. त्यांचा बंगला अजून व्हायचा होता. जागेवर कंपाउंड आणि एक बाभळीचं झाड, एवढंच होतं. पण आर्किटेक्टनं केलेलं मॉडेल तयार होतं, ते त्यांनी पेनड्राइव्हवर आणून दिलं.

"ह्यात काय करायचं न्हाय तुम्ही," ते म्हणाले. "हाय तसं ठेवा. आमचं दर्शन आधी आभाळातनं हू दे, जमिनीवर मागनं बघू."

अंबादासरावांनी मॉडेल होतं तसं ठेवलं.

पुढच्या रविवारी दुपारी तालमीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. मोठा पडदा लागला, खुर्च्या भरल्या, शालूबाई गिऱ्हाईक सोडून आल्या. अंबादासरावांनी पुण्याहून विमान उचललं. वारणा आली, लोकांनी वारणा ओळखली. जोतिबाचा डोंगर आला, काहींनी बसल्या जागी हात जोडले. आणि जोतिबाच्या डोक्यावरच विमान थांबलं.

ढग थांबले, पंखे थांबले. इंजिनाचा आवाज तेवढा एकाच सुरात घरघरत राहिला आणि मग तोही बंद पडला. पडद्यावर चौकट उमटली: मेमरी अपुरी आहे.

"देवाला थांबलंय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

दोनदा पुन्हा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा विमानानं जोतिबाचं दर्शन घेतलं आणि प्राण सोडला. शालूबाई उठल्या. "अण्णा, पाटी दिसायच्या आतच आमची भाजी करपायची," म्हणाल्या आणि गेल्या.

अंबादासरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. मग सुरू झाले उपाय. संगणक तापत असेल म्हणून त्याची बाजूची पट्टी काढून टेबलफॅन लावला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, मग जुना टाकला. सॉफ्टवेअर पुसून पुन्हा बसवलं. ढग कमी केले, झाडं कमी केली, रस्त्यावरच्या मोटारी काढल्या. नंदिनीताईंनी न विचारता मॉनिटरला लिंबूमिरची बांधली. अंबादासरावांनी ती बघितली आणि राहू दिली.

शेवटी त्यांनी नवी रॅम टाकून मेमरी दुप्पट केली. विमान जोतिबावरून पुढं सरकलं आणि पंचगंगेवर थांबलं.

मग मात्र ते क्रांतीकडं गेले. क्रांतीचं संगणक दुरुस्तीचं दुकान रिंग रोडला होतं आणि तिच्या तोंडाची ख्याती तिच्या कामाइतकीच होती.

"काका, अजून मेमरी घातली तर रंकाळ्यापर्यंत याल," ती म्हणाली. "उतरणार न्हाईच."

"का?"

"पंगत कशी असते? जागा ठरल्याली. तुम्ही पानं वाढवताय, पण जेवणारी उठतच न्हाईत आणि दारात नवी उभीच. गाव जवळ आलं की तुमची सगळी घरं एकदम मेमरीत येऊन बसत्यात. त्यातलं कोण जास्त खातंय ते हुडका."

"कसं हुडकू?"

"गाव रिकामं करा. सगळी घरं फोल्डरातनं बाहेर काढा. निम्मी परत घाला, उडवून बघा. चाललं तर दोष उरलेल्या निम्म्यात. अडकलं तर ह्याच निम्म्यात. असं करत करत एकावर या."

अंबादासरावांनी गाव रिकामं केलं. नुसत्या शेतांवरून विमान सुरेख आलं आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीवर फुलासारखं टेकलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ज्या गावात ओळखीचं एक घर नाही, तिथं उतरून करायचं काय, हे त्यांना कळेना.

निम्मी घरं घातली. चाललं. गिरणी निर्दोष, खानावळ निर्दोष. पुन्हा निम्मी. चाळून चाळून शेवटी एकच फाईल हातात राहिली. विजयसिंहांचा बंगला.

त्यांनी ती उघडली आणि बघतच राहिले. आर्किटेक्टनं जीव ओतला होता. दिवाणखान्यात कोरीव सोफे, सोफ्यावर उशा, उशांना झालर, झालरीचा एकेक धागा सुटा. स्वयंपाकघरात कपबशा. सगळ्या न्हाणीघरांत पितळी नळ, नळाला आटे. जिन्यावर झुंबर, त्याचा लोलक न् लोलक वेगळा. हजारो फूट उंचीवरून येणारं विमान विजयसिंहांच्या नळाचे आटे डोक्यावर घेऊन येत होतं. सगळं गाव मिळून जेवढी मेमरी खात नव्हतं, तेवढी हा न बांधलेला बंगला एकटा खात होता.

दुसऱ्या दिवशी ते धीर करून विजयसिंहांकडं गेले.

"साहेब, तुमच्या बंगल्यामुळं विमान अडकतंय."

विजयसिंहांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही, उलट कसलंसं समाधानच दिसलं.

"विमान अडकतंय? एवढा मोठा झालाय व्हय?"

"मोठा नाही, त्यातल्या वस्तूंमुळं. झुंबर, नळ..."

"मग बाकीच्यांची घरं कमी करा की. पिराजीच्या गिरणीला वरनं कोण बघतंय?"

अंबादासराव घरी आले. नंदिनीताईंनी ऐकून घेतलं आणि वरण ढवळता ढवळता म्हणाल्या, "त्याला बाहेरनं बंगला हवाय ना? मग आत काही ठेवायचंच कशाला? सगळ्या गावाला माहितीय, तो तसाच माणूस आहे."

त्या संध्याकाळी अंबादासरावांनी बंगला आतून मोकळा केला. सोफे गेले, नळ गेले, झुंबर गेलं. राहिलं एक खोकं, चारी बाजूंना बंगल्याचं चित्र डकवलेलं.

पुन्हा रविवार, पुन्हा हॉल. या वेळी खुर्च्या निम्म्याच भरल्या. विजयसिंह पुढं बसले. जोतिबा मागं पडला, पंचगंगा गेली, आणि खाली फुलेवाडी आली. गिरणी आली तसा पिराजी ओरडला. शालूबाईंचं ताट चमकलं, रस्सा तांबडाच होता. मग बंगला आला, क्षणभर राहिला आणि पंखाखाली गेला. विमान उतरलं. टाळ्या झाल्या.

विजयसिंह उठून आले आणि त्यांनी अंबादासरावांच्या पाठीवर थाप मारली. "बघितलं? कशाला हात लावू नका म्हटलं हुतं. खिडकीतनं झुंबर कसं लखलखत हुतं! नाद खुळा!"

"व्हय साहेब," अंबादासराव म्हणाले. नंदिनीताई पलीकडं पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत होत्या.

चार दिवसांनी हुपरीहून विजयसिंहांचे साडू आले. त्यांचा चांदीचा कारखाना होता. हातात पेनड्राइव्ह.

हल्ली अंबादासराव बेळगावला उतरतात. तिथं देवळं, घरं, दुकानं सगळी परदेशी अंदाजानंच मांडलेली आहेत, आणि विमान एकदाही अडकत नाही. पिराजीनं एकदा विचारलंही, "अण्णा, आपलं गाव सोडून तिकडं कशाला?"

"तिथं ओळखीचं कुणी नाही," अंबादासराव म्हणाले आणि दांडा ओढून विमान उचललं.