एक्सच्या डोक्यावरची रेघ

तीन प्राध्यापक आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत ठेवले की किस्से आपोआप साचतात. नागपूरच्या आमच्या कॉलेजातलं स्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंट एवढंच: हेड खेडीकर मॅडम, रामटेकहून अप-डाऊन करणारे बोकडे सर आणि मी. आणि आमची डोकेदुखीही एकच, एक्सच्या डोक्यावरची रेघ!

एक्सवर आडवी रेघ, म्हणजे बार, असला की तो सरासरी होतो. कीबोर्डवर हा बार नाही. म्हणून पेपर टाइप करायचा, प्रिंट काढायची, पट्टी धरून पेनाने बार मारायचे आणि मग झेरॉक्स.

एकदा बार मारायचेच राहिले. मॅडम परीक्षा सुरू असताना हॉलमध्ये शिरल्या आणि बाकाबाकावर वाकून प्रत्येकाच्या पेपरवर बार मारत सुटल्या. सुपरव्हिजनला इतिहासाचे सर होते. ते घाबरून माझ्या कानाशी आले. "काहून गा, मॅडम सह्या काहून करून राहिल्या? माझ्यावर भरोसा नाही का?"

*

त्यानंतर बोकडे सरांनी मनावर घेतलं. आपलं स्वतःचं अक्षर बनवायचा एक प्रोग्राम त्यांना कॉम्प्युटरमध्येच सापडला. पडद्यावर बारीक चौकटींची जाळी येते. एकेक चौकट माउसने काळी करत गेलं की अक्षर तयार! सर दुपारभर मान मोडून बसले होते. प्रिन्सिपल दारातून डोकावले.

"बोकडे, काय चाललंय?"

घरी धानाची शेती, चिखलात एकेक रोप लावणारा माणूस. मान न वळवता म्हणाला, "रोवणी करून राहिलो, सर!"

संध्याकाळी एक्स उगवला, बारासकट. मॅडमनी स्वतः तर्री-पोहे मागवले.

*

मग आली पीची टोपी. नमुन्यावरून काढलेलं प्रमाण दाखवायला पीच्या डोक्यावर छोटी टोपी लागते. सरांनी तीही बनवली. मॅडमनी चष्मा वर करून पाहिली.

"बोकडे, टोपी तिरकी आहे. वरातीत चालला का तो? सरळ घाला!"

*

बातमी पसरली. गणितवाले बघायला आले, तर बोकडे सर दारात आडवे.

"चपला बाहेर काढा!"

"काहून? मंदिर आहे का हे?" गणिताच्या हेड भडकल्या.

"मंदिर नाही मॅडम. पण आतलं अक्षर बाजारात भेटत नाही!"

खरं सांगतो, त्या दिवशी माझीही छाती फुगली होती.

*

रिटायर व्हायच्या वर्षी मॅडमनी आमच्याकडे एकच मागणं मागितलं. "माझा शेवटचा पेपर पेन न लावता निघू द्या."

आम्ही जिवाचं रान केलं. एकही रेघ हाताची नाही! फाइल परीक्षा विभागात गेली, त्यांनी आपल्या मशीनवर छापून पेपर थेट हॉलमध्ये वाटले. परीक्षा संपल्यावर एक कॉपी आमच्या हाती आली. आमची अक्षरं आमच्याच कॉम्प्युटरमध्ये राहून गेली होती. बारवाला एक्स असो की टोपीवाला पी, सगळीकडे तोच रिकामा चौकोन!

"मले वाटलं, अक्षर फाइलसोबत जाते," बोकडे सर कसेबसे म्हणाले.

मॅडम खुर्चीत बसल्या. "आयुष्यभर पोरांना रेघ शिकवली," त्या म्हणाल्या, "आणि जाताना खोके वाटले."

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. मॅडमनी जड हाताने वरचीच उत्तरपत्रिका उघडली. नाव नव्हतं, नुसता नंबर. मग त्यांनी ती बोकडे सरांपुढे सरकवली आणि पदराने चष्मा पुसत बसल्या.

ज्याने कोणी ती लिहिली होती, त्याने प्रश्न चौकोनासकट उतरवून घेतले होते. पहिल्या प्रश्नातल्या चौकोनावर पट्टी धरून बार मारलेला होता. पुढच्या प्रश्नातल्या चौकोनावर टोपी होती.

आणि टोपी सरळ होती!