पितळी परातीतली चिंच

सोसायटीच्या मराठी मंडळाला त्या वर्षी गणपतीत बोन्सायचं प्रदर्शन भरवायची हुक्की आली. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या बाल्कनीत एक बोन्साय आहे, म्हणजे दुकानातून आणलेलं, जगलं तर जगलं अशा बेताचं. खरं झाड म्हणावं असं एकच होतं आणि ते माझ्याकडे होतं. चिंचेचं. आमच्या ह्यांनी पुण्यात असताना चिंचोक्यापासून वाढवलेलं, सव्वीस वर्षांचं, माझ्या गुडघ्याइतकं. हे गेल्यावर मी मुलाकडे बंगळूरला राहायला आले, तेव्हा बाकीचं सामान ट्रकमधून आलं आणि झाड गाडीत माझ्या मांडीवर. ह्यांच्या हातचं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

तर ते झाड कशात मांडायचं यावर मंडळाच्या बायकांची चक्क मीटिंग झाली. एकीला काचेचं भांडं हवं होतं, आत निळे खडे आणि खालून लाइट. का? तर फोटो छान येतात. दुसरी चिनी मातीची चकचकीत कुंडी घेऊन आली होती, तिच्यावर सोनेरी ड्रॅगन. तिसरी म्हणाली, कुंडीला पैठणीचा काठ गुंडाळू, म्हणजे मराठी टच येईल. ‘‘झाडाचं डोहाळजेवण आहे का?’’ मी विचारलं. कुणी हसलं नाही. या मुली पुण्यामुंबईहून निघताना विनोद टोलनाक्यावर ठेवून येतात की काय, कोण जाणे.

सून म्हणाली, ‘‘आई, आपण नर्सरीत विचारू या ना.’’ माझी सून आयटीतली. तिला प्रत्येक गोष्ट कुणालातरी विचारायची असते. गेलो. नर्सरीवाले अण्णा आपल्यातलेच, पण त्यांचं घराणं इथे कैक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे मराठीत कानडी कालवलेलं. त्यांनी मोबाइलवर झाडाचा फोटो बघितला आणि एक साधी, तपकिरी, उथळ कुंडी पुढे ठेवली. ‘‘अक्का, स्वल्प ऐका. खोड जाड आहे, साल खरखरीत. असल्या झाडाला चमक नको. आणि खाली भोकं आहेत का ते आधी बघायचं. शोभा मागनं.’’

मी नाक मुरडलं. असली मातकट कुंडी तर माझ्या घरातच होती! ह्यांनी एका मोठ्या कुंडीचा तळ करवतीने आडवा कापून ती केली होती. काठ उंदराने कुरतडल्यासारखा, खाली वेडीवाकडी तीन भोकं. झाडाचा सगळा जन्म त्यात गेला, आणि पाहुणे आले की मी ती कपाटामागे सरकवायचे. ‘‘निदान काठ तरी घासा,’’ असं किती वर्षं म्हणत होते. हे नुसते हसायचे. आता सगळ्या सोसायटीपुढे ती मांडू? छे!

मी माळ्यावरून पितळी परात काढली. आमच्या लग्नातली, आहेरात आलेली, काठावर मशीनने ह्यांचं नाव घातलेलं. आमच्यात भांड्यावर नाव पडलं की ते भांडं घरचं माणूस होतं. चिंचेने घासली तेव्हा अशी झळकली की मीटिंगमधल्या सगळ्या जणींची तोंडं बंद. ह्यांचं झाड, ह्यांच्या नावाची परात. याहून बरोबर काय असणार?

सून म्हणाली, ‘‘आई, हिला खाली भोक नाहीये. पाणी साचेल. ड्रिल आणलंय मी, पाच मिनिटांचं काम.’’

‘‘आहेराच्या भांड्याला भोक पाडतेस?’’ मी केवढ्याने तरी ओरडले. ‘‘ह्यांचं नाव आहे त्याच्यावर! तुम्हाला काही पडलेलीच नाही कशाची.’’ तिने ड्रिल परत ठेवून दिलं. मग मी मुळं छाटली, परातीत झाड बसवलं आणि ती जुनी कुंडी कचऱ्यात टाक म्हणून तिच्या हातात दिली.

दहा दिवस क्लबहाउसमध्ये नुसता उदो उदो. जो येई तो फोटो काढी, आणि जो फोटो काढी तो कौतुकाने पाणी घाली. मीही सकाळ-संध्याकाळ घालत होते. सातव्या दिवशी पानं पिवळी पडली. एसीमुळे असेल, मी म्हटलं. एका बाईंनी झाडाची दृष्ट काढायला सुचवलं. काय अक्कल एकेकीची! पण खरं सांगते, झाड घरी आल्यावर मी गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळल्या.

पानं गळतच राहिली. शेवटी सुनेनेच अण्णांना घरी बोलावून आणलं. त्यांनी झाड परातीतून उपसलं आणि गटारासारखा वास घरभर पसरला. मुळं काळी, हाताला लिबलिबीत. ‘‘बुडालं हो अक्का,’’ ते म्हणाले. त्यांनी सडकं सगळं कापलं. ह्यांनी तार बांधून चार वर्षं वळवलेली डावी फांदी पार वाळली होती, तीही कापली. उजवीकडची सालीखाली अजून हिरवी होती. ‘‘जगेल कदाचित. पण आत्ताच्या आत्ता भोकाची कुंडी पाहिजे.’’

त्या माणसाने जन्मभर जे झाड जगवलं, ते मी दहा दिवसांत मारायला काढलं होतं, तेही त्याचंच नाव मिरवत.

सून मागच्या बाल्कनीत गेली आणि वॉशिंग मशीनच्या मागून ह्यांची कुंडी घेऊन आली. टाकलीच नव्हती तिने. धुऊन ठेवली होती, तिन्ही भोकांवर नवी जाळी बसवून.

‘‘मी सांगितलं होतं,’’ एवढं जरी म्हणाली असती, तरी मला भांडता आलं असतं. तोंड तयारच होतं माझं. ती म्हणाली, ‘‘आई, तुम्ही झाड धरा. मी माती भरते.’’

मी झाड धरलं.